गाडीचे चरे, पोचे आणि गंज : पुण्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

धायरीत माझं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज आहे. मे महिना लागला की रोज चार-पाच जण दारात गाडी लावतात आणि जवळपास तेच प्रश्न विचारतात. दरवर्षी तीच उत्तरं तोंडी देतो, यंदा लिहून काढली. ज्यांना आपली गाडी दहा-पंधरा वर्षं नीट वापरायची आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

दारावर चरा पडलाय. लगेच रंगवून घ्यायला हवं का?

आधी चऱ्यावर आडवं नख फिरवा. गाडीचा रंग हा एकच थर नसतो. पत्र्यावर कारखान्यात प्रायमर बसवतात, त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतात, म्हणजे जेमतेम दोन केसांची जाडी. नख अडकलं नाही, आणि ओलं बोट फिरवल्यावर चरा दिसेनासा झाला, तर ओरखडा फक्त लॅकरमध्ये आहे. रबिंग कंपाउंडने हाताने घासलं तरी तो जातो.

नख अडकतंय पण तळाशी राखाडी प्रायमर दिसतोय, तर पत्रा अजून झाकलेला आहे. सवडीने करा. तळाशी चकचकीत किंवा तांबूस रेघ दिसली, तर मात्र पत्रा उघडा पडलाय. तेवढ्याच कामाची घाई करा. माझ्याकडे लोक नेमकं उलटं करतात. सोसायटीत शेजाऱ्याच्या दाराने पडलेल्या लांबलचक पांढऱ्या ओरखड्यासाठी रात्री फोन येतो, आणि बॉनेटच्या काठावर खड्याने उडालेले ज्वारीच्या दाण्याएवढे पाच टवके तीन पावसाळे तसेच राहतात. ओरखड्याने गाडी नुसती वाईट दिसते, त्या टवक्यांनी ती सडते.

पत्रा उघडा पडला तर किती दिवसांत गंजतो?

फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत आठवडे निघून जातात. जुलैत एका रात्रीत तांबूस छटा येते. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज धरतोच. पण खरी अडचण पुढची आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगतो, बाजूचा चांगला रंग उचलतो, त्या फटीत पाणी शिरतं आणि नव्या पत्र्याला गंज लागतो. म्हणून वरून मुगाएवढा दिसणारा फोड खरवडला की खाली रुपयाएवढा डाग निघतो.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामुळे बारीक चऱ्याला थोडी मुदत मिळते. पण ती मुदतच आहे, कायमची सुटका नाही.

खड्याने उडालेला टवका घरी भरता येतो का?

येतो, आणि प्रत्येकाने शिकून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. एक्सप्रेसवेवर नेहमी जाणाऱ्यांच्या बॉनेटवर दर वर्षी नवे टवके पडतातच, प्रत्येक वेळी गॅरेज गाठणं शक्य नसतं.

सकाळच्या वेळी सावलीत गाडी लावा. पत्रा गार हवा. तापलेल्या बॉनेटवर रंग नीट पसरायच्या आत सुकतो. साबणाच्या पाण्याने जागा धुवा, पूर्ण कोरडी करा, मग मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेलने पुसू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही.

आता गंज काढायचा. 400 नंबरच्या पॉलिश पेपरची टिकली कापून पेन्सिलीच्या मागच्या रबराला चिकटवा आणि तेवढ्याच जागेत गोल फिरवा. पत्रा चांदीसारखा दिसला पाहिजे. खोलवर काळे ठिपके उरले, तर गंज बदलणारं रसायन मिळतं ते लावा. फॉस्फरिक आम्लाचं असेल तर गंजाचं फॉस्फेट होतं, टॅनिक आम्लाचं असेल तर जागा काळी पडते. ही दोन्ही रसायनं उरलेल्या बारीक गंजासाठी आहेत. सुटा पोपडा तसाच ठेवून वरून रसायन लावलं तर उपयोग शून्य.

मग प्रायमर. ब्रशने नाही. जळून गेलेल्या उदबत्तीच्या काडीचं टोक बुडवा आणि टवक्याच्या मधोमध एक थेंब ठेवा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. बाटलीच्या झाकणातल्या ब्रशने बाजूच्या चांगल्या रंगावर डाग पडतात आणि मग टवक्यापेक्षा दुरुस्तीच जास्त डोळ्यांत भरते. प्रायमर सुकला की त्याच काडीने रंगाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये अर्धा ते एक तास सोडून. मेटॅलिक रंग असेल तर दर वेळी बाटली भरपूर हलवा, चंदेरी कण तळाशी बसतात. शेवटी लॅकरचा थेंब, आसपासच्या रंगापेक्षा किंचित वर येईल इतका.

इथे थांबायचं. निदान एक आठवडा हात लावायचा नाही. नंतर 2000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून उंचवटा हलक्या हाताने उतरवा आणि कंपाउंडने चमकवा. जवळून पाहिलं तर ठिपका दिसेल. दिसू दे, पत्रा झाकला गेलाय.

रंग अगदी तसाच मिळेल का?

रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पट्टीवर असतो, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. दुकानदाराला नुसतं ‘सिल्व्हर’ सांगू नका, कोड सांगा. तरीही आठ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडातल्या रंगापेक्षा फिका झालेला असतो. म्हणून अख्खं पॅनेल रंगवताना चांगला पेंटर शेजारच्या पॅनेलवर रंग विरवत नेतो. ‘फक्त एक दार मारून देतो’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारा.

टूथपेस्टने चरे जातात म्हणे?

टूथपेस्ट बारीक खरखरीत असते, त्यामुळे लॅकरवरचा अगदी वरवरचा ओरखडा थोडा फिका पडतो. पण कंपाउंडची छोटी डबी महाग नसते आणि काम सरळ होतं. पत्रा दिसत असेल तर दोन्हींचा उपयोग नाही.

पोचा पडलाय पण रंग शाबूत आहे. लांबी भरावी लागेल का?

रंग तडकला नसेल तर लांबीला, म्हणजे खळगा भरून सपाट करायच्या पुट्टीला, हातही लावू देऊ नका. आतून लोखंडी दांड्या घालून किंवा बाहेरून गोंदाने खेचून पोचा काढणारे कारागीर पुण्यात आता बरेच आहेत. कारखान्यातला मूळ रंग राहतो, आणि त्या रंगासारखा टिकाऊ थर कुठल्याच गॅरेजात पुन्हा बसत नाही. मी स्वतः रंगकाम करतो, तरी हे सांगतो. पॅनेलच्या कडेवर किंवा ठसठशीत घडीवर पडलेला पोचा मात्र असा पूर्ण निघत नाही.

लांबी भरावीच लागली तर पत्रा आधी ठोकून जमेल तितका जागेवर आणायचा आणि वरून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर द्यायचा नाही. लांबी ओल शोषते. ती उघडी ठेवून ‘रंग उद्या मारू’ म्हटलं आणि रात्री पाऊस आला, तर ते पाणी रंगाखाली अडकतं आणि पुढच्या पावसाळ्यात फोड येतात. गंजलेल्या भोकावर लांबी थापणं म्हणजे तर भिंतीच्या ओलीवर कॅलेंडर टांगणं.

बंपर घासलाय, गंजेल का?

बंपर प्लास्टिकचा असतो, गंजत नाही. पैसे जमतील तेव्हा करा. चेपला असेल तर चेपलेल्या जागी गरम पाणी ओतून आतून दाबलं की बरेचदा परत येतो, घडी पडली असेल तर नाही. रंगवताना प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर पोपडे निघतात.

दाराच्या खालच्या काठाला फोड आलेत. तिथे तर कधी काही लागलंच नव्हतं!

लागायची गरजच नसते, हा गंज आतून येतो. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी रबराच्या फटीतून दारात उतरतं. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला दोन-तीन छोट्या फटी असतात. धूळ, पानं आणि चिखल बसून त्या बुजल्या की दार आतून पाण्याची टाकी होतं.

वडिलांच्या लाल गाडीची हीच गत झाली होती. आमच्या जुन्या वाड्यापुढे ती गुलमोहराखाली उभी असायची. वडील रविवारी ती इतकी मन लावून पुसायचे की टपात चेहरा दिसावा. दार उघडल्यावर आत पाणी हलल्याचा डुबुक आवाज यायचा, तो आम्ही मुलं कान लावून ऐकायचो. एका दिवाळीत पुसता पुसता फडक्याबरोबर दाराचा काठच निघून त्यांच्या हातात आला. आतला चिखल काढला तर त्यात गुलमोहराच्या बारीक पानांचा काळा लगदा होता. वडील बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसले होते. या धंद्यात मी आलो त्याचं मूळ तिथे आहे.

तर मेच्या शेवटी हे करा. चारही दारं उघडा, खाली वाकून तळाचा काठ बघा आणि त्या फटींतून खराट्याची काडी फिरवा. तार किंवा स्क्रूड्रायव्हर नको, त्याने फटीचा रंग खरवडतो. मग दाराच्या काचेवर तांब्याभर पाणी ओता. खालून धार लागली पाहिजे. पुढच्या काचेखाली वायपरजवळची जाळी आणि डिकीच्या कडेची पन्हळ यांतला पालापाचोळाही काढा. पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावत असाल तर पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी.

फोड आधीच आले असतील तर बाहेरून रंगवून भागणार नाही. दाराचं आतलं कव्हर उतरवून आत साफ करून, मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स फवारून घ्या.

पायाखालचं कार्पेट ओलं राहतं. पावसाचंच पाणी ना?

नेहमीच नाही. उन्हाळ्यातही डावीकडचं कार्पेट ओलं असेल तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली असण्याची शक्यता मोठी आहे. वर रबराची मॅट असते म्हणून कळत नाही, वास आल्यावर कळतं. मॅट उचलून कार्पेट मुठीत दाबून बघा. ओला फोम तळाच्या पत्र्यावर महिनोन् महिने बसला की गंज आतून खाली जातो, आणि खालून केलेलं कोटिंग त्याला काहीच करू शकत नाही. भिजलेली छत्री मॅटवर टाकायची सवयही सोडा.

अंडरबॉडी कोटिंग करून घ्यावं का?

नव्या, कोरड्या, स्वच्छ गाडीला केलं तर चांगलं. जुन्या गाडीला कोण आणि कसं करतो यावर सगळं आहे.

माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीला एका गॅरेजने तासाभरात कोटिंग करून दिलं होतं. तेव्हा मी शिकत होतो, खालून काळंभोर दिसलं म्हणून खूश झालो. दोन वर्षांनी मागच्या चाकाच्या कमानीत बोट लावलं तर काळा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. खाली सुकलेला चिखल, त्याखाली भुसभुशीत गंज. चिखल न धुताच फवारलं होतं. त्या थराने ओल आत कोंडून ठेवली आणि गंज नजरेआड वाढू दिला. कोटिंग केलंच नसतं तर निदान दिसला तरी असता. त्या दिवसापासून आमच्याकडे गाडी खालून धुऊन एक अख्खा दिवस वाळू दिल्याशिवाय फवारणी होत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

म्हणून विचारायचं ते हे : आधी प्रेशरने धुणार का, किती वेळ वाळवणार, गंज असेल तर खरवडून प्रायमर देणार का, फवारताना पाणी जायच्या फटी तेवढ्यापुरत्या झाकून घेणार का. सायलेन्सर, ब्रेक आणि रबरी बुशवर फवारा जाता कामा नये. डांबरी कोटिंग स्वस्त असतं पण काही वर्षांनी कडक होऊन तडकतं. मेणाचं मऊ राहतं, पण ते अधूनमधून पुन्हा मारावं लागतं. जुनं इंजिन ऑइल फासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते रबर खराब करतं, जमिनीत मुरतं आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ धोक्याचं आहे.

आणि एक. ॲक्सेसरी बसवताना पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे उघडा पत्रा. चाकामागच्या मडफ्लॅपचे स्क्रू ही मागच्या कमानीतल्या गंजाची सुरुवात असते हे मी असंख्य गाड्यांत पाहिलंय. भोकाच्या कडेला प्रायमर लावूनच स्क्रू पिळायला सांगा.

कोकणातून आल्यावर गाडी धुवायलाच हवी का?

हो, आणि त्याच दिवशी. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे गंजाची क्रिया झपाट्याने होते. पाणी सुकलं तरी मीठ राहतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. दिवेआगरला किंवा दापोलीच्या मुरूडला पुळणीवर गाडी घालून फोटो काढण्याची हौस कळते, पण ओल्या वाळूवरून गेलेली गाडी चाकांच्या कमानीत खारी वाळू भरून घेते. ती वाळू ताम्हिणीच्या पावसानेही निघत नाही, कारण पाऊस वरून पडतो आणि वाळू आतल्या घडीत असते. चाकाच्या कमानी, दारांखालचा रनिंग बोर्ड आणि इंजिनाखालची फ्रेम गोड्या पाण्याने खालून धुवा. सोसायटीत पाइप लावू देत नसतील तर वॉशिंग सेंटरला न्या. बोअरचं जड पाणी खालून चालेल, वरच्या रंगावर मात्र ते वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात.

गाडी पुराच्या पाण्यात होती. आता कोरडी झालीये. काही करायला हवं?

2019 च्या 25 सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि 2024 च्या 25 जुलैला सिंहगड रोडवर एकतानगरी भागात पाणी घुसलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. लोक इंजिन आणि वायरिंग दुरुस्त करून घेतात, विम्याचा सर्व्हेयरही तेच बघतो. पण रनिंग बोर्डच्या पोकळीत आणि दारांत बारीक गाळ बसलेला असतो आणि तो वर्षभर ओल धरतो. सीट आणि कार्पेट काढून, रबरी बुचं उघडून आतून गोड्या पाण्याने गाळ काढा, उन्हात दारं उघडी ठेवून वाळवा, मग कॅव्हिटी वॅक्स. आणि बुडालेली गाडी मेकॅनिकने बघेपर्यंत सुरू करू नका.

पार्किंगच्या स्लॅबमधून पांढरं पाणी गळून बॉनेटवर डाग पडलेत.

काँक्रीटमधून झिरपलेला तो चुना आहे. घासू नका. पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून फडकं भिजवा, डागावर दोन-तीन मिनिटं ठेवा, चुना विरघळला की भरपूर पाण्याने धुवा. महिनाभर तसाच राहिला असेल तर लॅकर खाल्लेलं असतं, मग पॉलिशिंग लागतं. कमिटीला सांगून गळती बंद होईपर्यंत गाडी दुसरीकडे लावा. पक्ष्यांच्या विष्ठेचंही असंच, ओलं फडकं ठेवून मऊ करा आणि उचला.

पांढऱ्या गाडीवर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. गंजायला लागली का?

बहुधा नाही. ब्रेकमधून किंवा रेल्वे, कारखान्यांकडून उडालेले लोखंडाचे कण रंगावर बसून गंजतात. क्ले बारने, म्हणजे रंगावरून फिरवायच्या चिकणमातीसारख्या वडीने, निघतात. निघाल्यावर खाली खळगा दिसला नाही तर निश्चिंत राहा.

पावसाळ्यात कव्हर घालू का?

ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ कोंडते. वाऱ्याने कव्हर हललं की त्यातली धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. उघड्या छपराखाली हवा खेळती असेल तर गाडी तशीच बरी.

खंडेनवमीच्या हाराने रंग खराब होतो का?

एका दिवसात काही होत नाही, पूजा मनापासून करा. पण झेंडूचा हार आठवडाभर कुजू देऊ नका आणि तो बांधायला तार वापरू नका, सुतळी घ्या. लिंबू-मिरचीची तार बंपरच्या कडेला रोज घासत असते. गंधाक्षता आणि नारळाचं पाणी त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

छोट्या कामासाठी विमा वापरू का?

हिशेब करा. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. एका क्लेमने ती शून्यावर येते. शिवाय दर क्लेमला 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला किमान 1,000 रुपये आणि त्यापुढच्या गाडीला 2,000 रुपये खिशातून जातात. झीरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. एका पॅनेलसाठी मी गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा नको म्हणतो. गंजासाठी विमा मिळत नाही, ती झीज धरली जाते.

जूनमध्ये रंगकाम करून घेतलं तर चालेल?

बंद बूथ आणि भट्टी असलेल्या ठिकाणी चालेल. उघड्यावर नको. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर ओल धरते आणि रंग दुधाळ होतो. पुण्यात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मॉन्सून पोचतो, त्याच्या आत उरकून घ्या. राहिलंच तर पत्रा साफ करून प्रायमर आणि टचअपचा एक हात देऊन ठेवा, उरलेलं दसऱ्यानंतर.

पावसात गाडी उभी होती, ब्रेकच्या डिस्कवर तांबडा थर आलाय.

दोन-चार वेळा ब्रेक दाबला की जातो. काळजी नको.

जुनी गाडी घेतोय. गंज कसा तपासू?

दिवसा उजेडी जा, आणि गाडी नुकतीच धुतलेली असेल तर कोरडी होईपर्यंत थांबा. ओल्या रंगावर लाटा आणि चरे दिसत नाहीत. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी आहे. डिकीतली मॅट आणि स्टेपनी उचला, तळाशी पाणी साठल्याची रेघ आहे का बघा. सीट बेल्ट पूर्ण ओढून खालच्या टोकाला गाळाचा पट्टा दिसतो का तेही पाहा, पुरातली गाडी तिथे सापडते.

शेवटी खाली वाका आणि रनिंग बोर्डवर, विशेषतः जॅक लावायच्या जागी, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पत्रा ठणठणीत वाजला तर वरचा गंज किरकोळ आहे, काढता येईल. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला, तर गाडीचा भार पेलणारा भाग गेलाय. तिथे रंगाचं काम नाही, कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, आणि तो खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय विसार देऊ नका.